वाचक विचारतात : खोली कुणाची, कागद कुणाच्या नावाचा?

या वेळची बहुतेक पत्रे मंडळांचे कार्यकर्ते, समाजाच्या पंचायती आणि कामगार संघटनांकडून आली आहेत. कुणी परप्रांतीय कामगारांसाठी खोल्या शोधतंय, कुणी नेपाळी कुटुंबांसाठी, कुणी पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी. सगळ्याच उत्तरांत एक आग्रह दिसेल, तो आधीच सांगून टाकतो. ओळखीवर, तोंडी बोलीवर खोली मिळवून दिली की काम झालं असं समजू नका. राहणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा नोंदणीकृत करार हातात पडेपर्यंत ते काम अर्धंच असतं. वीज मीटर, बँक, आधारवरचा पत्ता, गॅस, सगळं त्याच कागदावर अडतं. तो कागद मुकादमाच्या नावाचा असेल तर नोकरी सुटते त्या दिवशी घरही सुटतं.

चाकण परिसरात झारखंड आणि बिहारहून आलेल्या कामगार कुटुंबांसाठी आमचं मंडळ खोल्या बघत आहे. एक मालक बारा खोल्यांची चाळ एकगठ्ठा द्यायला तयार आहे, पण म्हणतो, ‘करार मंडळाशीच करीन, त्या लोकांशी नाही.’ काय करावं? – मंडळाचे कार्यवाह, चाकण

आधी मालकाची भीती काय आहे ते ओळखा. ‘बाहेरचे लोक खोली बळकावतील’, ही ती भीती. तिचं उत्तर कायद्यात आहे आणि ते मालकाच्याच बाजूचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालक दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं न घालवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. जागा न सोडलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. हे संरक्षण पक्कं व्हायला करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. शिवाय कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. हे दोन मुद्दे समोर ठेवले की बहुतेक मालक नरमतात.

त्यामुळे आमचं उत्तर : बारा खोल्या, बारा करार, प्रत्येक कुटुंबाच्या नावाने. मंडळाने हवं तर साक्षीदार म्हणून सही करावी.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेब मांडतो. भाडं महिना ६,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत ३६ महिने धरा. एकूण भाडं २,१६,००० रुपये. डिपॉझिटवर दरसाल १० टक्के दराने तीन वर्षांचं कल्पित व्याज ९,००० रुपये. बेरीज २,२५,००० रुपये आणि त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५६२ रुपये ५० पैसे. नोंदणी फी महापालिका किंवा नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी आणि एजंटाची फी वेगळी. अकरा महिन्यांचा करार दरवर्षी नव्याने करण्यापेक्षा तीन वर्षांचा एकच करार स्वस्त पडतो. मात्र त्यात ‘राहणाऱ्याने एक महिन्याची लेखी सूचना देऊन जागा सोडावी’ ही अट हवी आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येणार नाही अशी अट, नको. कंपनीची ऑर्डर आटली की कामगाराला गाव गाठावं लागतं. लॉक-इन असेल तर त्याचं डिपॉझिट तिथेच बुडतं.

नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या होते. मालक, राहणारा आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक, फोटो आणि अंगठ्याचे ठसे लागतात. इथेच कामगारांची खरी अडचण येते. सिमेंट, फाउंड्री, वेल्डिंग किंवा विटांचं काम करणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा नाकारतं, एजंट ‘उद्या बघू’ म्हणतो आणि तो उद्या उगवत नाही. उपाय साधे आहेत. कामावरून आल्या आल्या ठसा घेऊ नका, सुट्टीच्या दिवशी घ्या. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, थोडं खोबरेल चोळून पुसून टाका. अंगठा लागत नसेल तर दुसरी बोटं लावून बघा. तरीही जमत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, नाहीतर सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करा. पण ‘ठसा लागत नाही, मग नोटरी करून टाकू’ हे मात्र करू नका. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार म्हणजे नोंदणी नव्हे, त्याने कलम २४ किंवा ५५ ची गरज भागत नाही.

मालक कशालाच तयार नसेल आणि मंडळाच्याच नावाने करार करावा लागला, तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, मंडळ ज्यांना ठेवणार त्यांना राहू देण्याची मालकाची परवानगी करारातच लिहून घ्या आणि कुटुंबांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. दुसरी, मुदत संपल्यावर एकाही कुटुंबाने खोली सोडली नाही तर दुप्पट रकमेचा बोजा मंडळावर येईल, हे कार्यकारिणीच्या ठरावात नोंदवा. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मंडळ जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर राहण्याची जागा भाड्याने घेतल्यावर १८ जुलै २०२२ पासून तो कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी मंडळालाच भरावा लागतो. नोंदणी नसेल तर हा प्रश्न येत नाही.

आमच्या भागात खोलीला तीस हजार डिपॉझिट मागतात. यंत्रमाग कामगाराकडे एवढी रक्कम एकदम नसते. समाजातून निधी उभा करून द्यावा असा विचार आहे. कसा चालवावा? – कामगार संघटनेचे पदाधिकारी, भिवंडी

फिरता निधी चालतो, पण शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. साडेचार लाख रुपये जमले तर पंधरा कुटुंबांना प्रत्येकी तीस हजार देता येतात. प्रत्येकाने महिना दीड हजार परत केले तर वीस हप्त्यांत फेड होते. सगळे हप्ते वेळेवर आले तर महिन्याला २२,५०० रुपये जमतात आणि दर चार महिन्यांनी तीन नव्या कुटुंबांची सोय होते.

सगळे हप्ते वेळेवर मात्र येत नाहीत. कामगार गावी कधी जातो हे ठरलेलं असतं : होळी, ईद, दिवाळी ते छठ, लग्नसराई आणि पेरणी. त्या महिन्यांत हप्ता ठेवणं म्हणजे थकबाकी आपणच तयार करणं. वर्षाला दहाच हप्ते ठेवा, दोन महिने मोकळे सोडा आणि ते महिने कोणते हे कुटुंबालाच ठरवू द्या. फेड वीसऐवजी चोवीस महिने चालेल, पण हिशेब तुटणार नाही.

पैसे कामगाराच्या हातात देऊ नका आणि मालकाला रोखही देऊ नका. निधीच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात वर्ग करा. करारात लिहून घ्या की डिपॉझिट अमुक संस्थेने भरले आहे आणि जागा सोडताना ते त्याच खात्यात परत येईल. कुटुंब मध्येच गेलं तर मालकाकडून आलेल्या रकमेतून त्यांनी फेडलेला भाग त्यांना त्याच आठवड्यात द्या. हे एकदा जरी लांबलं तर पुढचं कुटुंब हप्ता भरत नाही.

डिपॉझिट बुडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘रंगाचे पैसे, दुरुस्तीचे पैसे’. त्यावर इलाज आहे. चावी घेताना मोबाइलवर भिंती, दाराची कडी, नळ, मोरीची फरशी, पत्र्याची भोकं आणि मीटरचं वाचन यांचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे मालकाला पाठवा. वापराने जुना झालेला रंग कापला जाणार नाही, असं एक वाक्य करारात घाला.

आता कायद्याची बाजू. निधी बिनव्याजीच ठेवा. व्याज लावलं की महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा प्रश्न उभा राहतो. कामगारांच्या बचती ‘सांभाळायला’ म्हणून तुमच्याकडे घेऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा फार कडक आहे आणि चांगल्या हेतूने पैसे गोळा करणारेही त्यात सापडू शकतात. बचत हवी असेल तर बचत गट किंवा नोंदणीकृत पतसंस्था गाठा. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर तिच्या घटनेत गरजूंना निवाऱ्यासाठी मदत हा उद्देश आहे का ते तपासा. नसेल तर आधी घटना दुरुस्त करा. नाहीतर लेखापरीक्षणात शेरा येतो आणि दाते मागे हटतात.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर पाकिस्तानातून आलेली काही सिंधी कुटुंबं आमच्या पंचायतीकडे घरासाठी येतात. त्यांना भाड्याने घर मिळतं का? विकत घेता येतं का? – पंचायत सदस्य, जरीपटका, नागपूर

भाड्याने नक्की मिळतं. मालकाने करायच्या दोन गोष्टी आहेत : नोंदणीकृत करार, आणि परदेशी नागरिक राहायला आल्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर भरणे. याच नोंदीला सगळे आजवर ‘सी फॉर्म’ म्हणत आले. मालकाला ती जमत नसेल तर पंचायतीच्या एखाद्या तरुणाने शेजारी बसून भरून द्यावी, पण लॉगिन आणि नाव मालकाचंच असावं. कुटुंबानेही पत्ता बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. घर स्वस्त मिळालं म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि व्हिसाच्या कागदावर जुनाच पत्ता राहिला, तर मुदतवाढीच्या वेळी पडताळणीत माणूस सापडत नाही आणि प्रकरण लटकतं. करार झाला की आठवड्याच्या आत ही नोंद करायची, असा पंचायतीने नियमच घालून द्यावा.

दीर्घ मुदतीचा व्हिसा असणाऱ्यांना आधार काढता येतं. ते आधी काढून घ्या, म्हणजे करार ऑनलाइन होतो. आधार नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागतं.

विकत घेण्याबाबत गैरसमज फार आहेत. परकीय चलन कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांनुसार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असतील तर स्वतः राहण्यासाठी एक घर आणि स्वतःच्या रोजगारासाठी एक जागा घेऊ शकतात. अटी अशा. जागा संरक्षित, प्रतिबंधित किंवा लष्करी छावणी (कँटोन्मेंट) क्षेत्रात किंवा त्याला लागून नसावी. पैसे कुठून आले आणि आपण व्हिसावर राहतो याचं प्रतिज्ञापत्र जिल्ह्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे द्यावं. खरेदीखतातच राष्ट्रीयत्व आणि व्हिसाचा उल्लेख असावा. कागदपत्रांची प्रत पोलीस उपायुक्त किंवा नोंदणी अधिकारी आणि केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवावी. भारतीय नागरिकत्व मिळण्याआधी ते घर विकायचं असेल तर पूर्वपरवानगी लागते.

हे सगळं टाळण्यासाठी नातेवाइकाच्या नावावर घर घेणं हा सगळ्यात धोक्याचा रस्ता. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं, हा व्यवहार बेनामी ठरू शकतो आणि पुढे वारसांची भांडणं होतात ती वेगळीच. नियमाने घेता येत असताना आडवाटेने जाऊ नये.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर मात्र नागरिकत्व मिळाल्याशिवाय धरू नका. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या वरील सहा समाजांच्या लोकांसाठी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ पासून लागू आहेत आणि अर्ज ऑनलाइन होतो. घराच्या प्रश्नात अडकलेल्या कुटुंबाला आधी हा अर्ज भरायला बसवणं, हीसुद्धा घराचीच मदत आहे.

आमच्या सोसायटीचा नेपाळी रखवालदार बायको-मुलांसह जिन्याखालच्या खोलीत राहतो. त्यांना दुसरी खोली बघून द्यायची आहे. परदेशी असल्याने अडचण येईल का? – पुणे

फारशी नाही. नेपाळी नागरिकांना भारतात राहायला व्हिसा लागत नाही आणि आधारही मिळतं. नेपाळचा पासपोर्ट असेल तर सोपं जातं. नसेल तर नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र आणि नेपाळी दूतावासाचं छायाचित्र असलेलं प्रमाणपत्र लागतं. एकदा आधार आलं की करार इतर कुणाहीसारखाच होतो. नवी खोली मिळेपर्यंत सोसायटीने निदान एक करावं : नोकरी गेल्यास खोली सोडायला किमान दोन महिने मिळतील, असं नेमणूकपत्रात लिहून द्यावं. शाळेच्या मध्यावर लेकरं रस्त्यावर येण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

अंबड-सातपूरला कामगारांच्या खोल्यांची पाहणी करायची आहे. खोली राहण्याजोगी आहे हे कशावरून ठरवायचं? एका खोलीत किती माणसं असावीत? – एक वाचक, नाशिक

टेप, वही आणि मोबाइल घेऊन जा. निर्वासित छावण्यांसाठी जगभर वापरला जाणारा स्फिअर निकष माणशी साडेतीन चौरस मीटर जागा सांगतो, स्वयंपाक आणि न्हाणीची जागा सोडून. दहा बाय बारा फुटांची खोली साधारण अकरा चौरस मीटरची. म्हणजे तीन माणसं. अशा खोलीत दिवसपाळी आणि रातपाळीचे मिळून आठ-दहा जण असतील, तर ती खोली आपत्तीतल्या छावणीपेक्षाही वाईट आहे, हे अहवालात स्पष्ट लिहा. त्याच निकषात वीस माणसांमागे एक संडास आणि माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी आहे. हा आकडा जीव जगवण्यापुरता आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा आपला नेहमीचा हिशेब माणशी १३५ लिटरचा असतो.

हवेसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेचा आधार घ्या. खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या कोरड्या उष्ण हवेत एक दशांश, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश असावी. दहा बाय बाराच्या खोलीला बारा ते वीस चौरस फूट. चाळीच्या मधल्या खोल्यांना समोर दार आणि मागे भिंत असते, तिथे हे कधीच भरत नाही. मागच्या भिंतीत वर झरोका आणि दारावर जाळी बसवली तर निदान वारा आरपार जातो. पत्र्याखाली छत नसेल तर उन्हाळ्यात रातपाळीवाल्याला दिवसा झोप लागत नाही आणि झोप न झालेला माणूस यंत्रावर उभा राहतो. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग आणि खाली थोडी पोकळी ठेवून साधं छत, एवढ्याने बराच फरक पडतो.

गॅस बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि माणसं जमिनीवरच झोपलेली असतात. म्हणून एक झरोका जमिनीलगतही हवा. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, आणि एका खोलीत दोन सिलिंडर नकोत. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून काळ्या बाजारातून भरलेल्या टाक्या वापरणाऱ्यांना सांगा की पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

आणि वीज. इथे कामगार सर्वात जास्त लुटला जातो, बऱ्याचदा मालकाच्याही लक्षात न येता. पाच खोल्यांचा मीटर एकच असतो. प्रत्येक खोलीचा वापर महिना ८० युनिट. वेगळे मीटर असते तर पाचही खोल्या शंभर युनिटच्या आतल्या सर्वात स्वस्त टप्प्यात बसल्या असत्या. एकत्र वापर मात्र ४०० युनिट होतो आणि त्यातले वरचे शंभर ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात जातात. मग मालक सरसकट वरच्या दराने युनिट लावतो. नोंदणीकृत करार आणि मालकाचं संमतिपत्र असेल तर राहणारा स्वतःच्या नावाने वेगळ्या जोडणीचा अर्ज करू शकतो. ते होईपर्यंत पोटमीटर बसवा, मूळ बिलाची प्रत दर महिन्याला दारावर लावा आणि एकूण बिलाची वाटणी पोटमीटरच्या प्रमाणात करा.

आमच्या सोसायटीने ठराव केला आहे की परप्रांतीयांना फ्लॅट भाड्याने देऊ नये. मला चार परिचारिकांना द्यायचा आहे. – सदस्य, ठाणे

आदर्श उपविधीत असा अधिकार सोसायटीला नाही. लिव्ह अँड लायसन्सवर जागा देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवणं आणि करार व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं पुरेसं आहे. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पत्र द्या, पोच घ्या. आडवे आले तर उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि त्या ठरावाची प्रत जोडा, तीच तुमच्या बाजूचा पुरावा ठरेल.

समाजातल्या लोकांनी पुढे होऊन निर्वासितांसाठी घरं उभारली, असे दाखले आपल्याकडे आहेत का? आमच्या सभेत ‘हे सरकारचं काम’ असं म्हणून विषय संपवला जातो. – उल्हासनगर

दाखले आहेत आणि ते तुमच्याच इतिहासातले आहेत. फाळणीनंतर सिंधी उद्योजक भाई प्रताप यांनी १९४८ मध्ये सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली. कच्छच्या महाराव विजयराजजींनी १५,००० एकर जमीन दिली आणि गांधीधाम-आदिपूर उभं राहिलं. जागा कांडल्याच्या जवळ निवडली होती, कारण कराची गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावर मोठं बंदर लागणार हे दिसत होतं. घराबरोबर रोजगाराचाही विचार तिथे सुरुवातीपासून होता.

फरीदाबादला वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी ठेकेदाराकडे काम न देता मजुरांच्या सहकारी संस्था काढल्या आणि आपलं गाव स्वतः बांधलं. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचा त्यात मोठा वाटा होता. घर बांधण्याची मजुरी राहणाऱ्यांनाच मिळाली, हा त्यातला मोलाचा भाग आहे आणि आजही तो करण्याजोगा आहे : चाळींची दुरुस्ती, छत, संडास ही कामं राहणाऱ्यांतल्याच गवंडी-सुतारांना द्या.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. कल्याणच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत माणसं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. छप्पर लगेच मिळालं, जागेचे हक्क आणि बांधकामाचे परवाने मागे राहिले. बराकी वाढत गेल्या, मजले चढले, आणि अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास कायदा करावा लागला. सभेत कुणी कागदाच्या आग्रहाला लालफीत म्हणालं, तर त्यांना आपल्याच गल्लीतल्या मिळकतीचे उतारे दाखवा.

संस्थेने स्वतःच कामगारांसाठी भाड्याची इमारत बांधायची म्हटलं तर सरकारी योजना आहे का? – नोंदणीकृत न्यास, जळगाव

आहे. टाळेबंदीत कामगार पायी गावी गेले, त्यानंतर जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आली. तिचे दोन प्रकार होते : सरकारने बांधून रिकामी पडलेली घरं पंचवीस वर्षांच्या कराराने भाड्यासाठी चालवायला घेणे, आणि स्वतःच्या जमिनीवर संकुल बांधणे. एका संकुलात किमान चाळीस घरं किंवा तेवढ्या प्रमाणात खाटा, एका बेडरूमचं घर तीस चौरस मीटरपर्यंत, वसतिगृहात खाटेमागे दहा चौरस मीटरपर्यंत जागा, भाडं स्थानिक पाहणीवरून ठरवायचं, वाढ दोन वर्षांतून एकदा आठ टक्के आणि पाच वर्षांत वीस टक्क्यांच्या वर नाही, अशा तिच्या अटी होत्या. आता हाच विषय सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये भाडेघरांचा स्वतंत्र घटक म्हणून घेतला आहे. अर्ज करताना या नव्या घटकाचीच मार्गदर्शक पुस्तिका पालिकेकडून घ्या, जुन्या योजनेच्या अटी गृहीत धरू नका.

तुम्हाला जवळचं उदाहरण सुरतेचं. उधना-लिंबायतला खानदेशातली किती माणसं राहतात हे जळगावकरांना सांगायला नको. त्या शहरात पहिल्या प्रकाराखाली ३९३ घरं भाड्यासाठी खुली झाली. एकदा जाऊन बघा, आणि इमारतीइतकंच तिथून कारखाना किती दूर आहे तेही मोजा. सरकारी घरं रिकामी राहण्याचं मुख्य कारण अंतर हेच असतं. भाडं दोन हजारांनी कमी आणि रिक्षा-बसला महिना अडीच हजार, असं झालं की कामगार पुन्हा कारखान्याशेजारच्या कोंदट खोलीत जातो. जमीन गावाबाहेर स्वस्त मिळते म्हणून तिकडे बांधू नका.

वसतिगृह पद्धतीने चालवणार असाल तर माणशी महिना वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या मुक्कामावर जीएसटी लागत नाही, तेव्हा प्रवेशाची नोंदवही त्या हिशेबाने ठेवा.

करार आठ महिन्यांचा शिल्लक असताना मालकाने एका कुटुंबाच्या खोलीला कुलूप लावलं. पोलीस म्हणतात, ‘दिवाणी बाब आहे.’ पुढे काय? – पनवेल

सामान आत अडकलं असेल तर तेवढ्यापुरता लेखी तक्रार अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सामानाची यादी त्यात असू द्या : मुलांची दप्तरं, औषधं, कागदपत्रं आधी. त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज घरातल्या स्त्रीच्या नावाने केला तर लवकर होतो. करारात तिचं नाव सहभोगवटादार म्हणून असेल तर उत्तमच, नसेल तर पुढच्या करारापासून घालत जा. अर्जासोबत नोंदणीकृत कराराची प्रत, भाडं ऑनलाइन भरल्याच्या नोंदी, कुलपाचा तारीख-वेळेसह फोटो आणि शेजारच्या दोघांची नावं द्या. मालकाशी बोलणी सुरू असतील तरी त्या महिन्याचं भाडं थांबवू नका. थकबाकी झाली की तो तेवढाच मुद्दा धरून बसतो.